इडेलानं घातलेली घडी

लेबर डे उलटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रॉस्को टार्पली पांढरा सूट आणि पांढरे बूट घालून माउंट गिलियड चर्चच्या पायऱ्या चढला. आत गाणं रंगात आलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर मधल्या बाकांवरच्या बायकांनी जो श्वास एकदम आत ओढला तो थेट पास्टरांच्या कानावर गेला असता. दारात पुठ्ठ्याचे पंखे वाटत उभ्या असलेल्या सिस्टर मोझेल गेन्स (आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर आणि सगळेच पुरुष ब्रदर) यांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा बुटांकडे पाहिलं, आणि त्याला पंखा द्यायचा सोडून त्या स्वतःलाच वारा घालत उभ्या राहिल्या.

नैऋत्य जॉर्जियातल्या आमच्या हॅडली गावात पांढरं ईस्टरच्या रविवारी बाहेर येतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, आत जातं. उकाड्याचं म्हणाल तर तो अर्धा ऑक्टोबर सरेपर्यंत जागचा हलत नाही. भुईमुगाच्या शेतांवरून अशी झळ येते की कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पण उकाड्याला विचारतो कोण? लेबर डे झाला की झाला. घामानं निथळत का होईना, माणसानं तपकिरी बूट घालायचे. दारू पिऊन खड्ड्यात पडलेल्यासाठी आमचं चर्च रडून रडून प्रार्थना करतं, पण ऑक्टोबरात पांढरे बूट घालणाऱ्यासाठी कुणी डोळे मिटल्याचं ऐकिवात नाही.

आणि ते घालणारा कोण, तर इडेला टार्पलीचा नवरा! दुसरा कुणी असता तर लोकांनी नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण हा नियम मोझेसनं खरं तर दहा आज्ञांबरोबर डोंगरावरून आणला होता आणि उतरताना वाटेत सांडला, तो इडेलानं उचलून ठेवला, अशी गावात थट्टा होती. एकदा सप्टेंबरातच नवीन आलेली शाळामास्तरीण पांढरे सँडल घालून चर्चला आली. इडेलानं तिला काही बोलून दाखवलं नाही. प्रार्थना संपल्यावर तिचा हात हातात घेऊन इतकंच म्हणाली, "बाई गं, मोची गेला का गावाला? माझ्याकडे तुझ्या मापाचे काळे आहेत, नेतेस का?" मास्तरीण बिचारी पुढची तीन वर्षं हॅडलीत होती, पण पांढरा रुमालसुद्धा जपून काढायची.

ती इडेला ऑगस्टमध्ये गेली. हृदय थकलं होतं. तिला पांढऱ्यातच पुरलं. महिना नियमात बसत होता. आणि तिला जाऊन जेमतेम महिना होतो न होतो तोच नवऱ्यानं हे असं करावं, म्हणजे लोकांना वाटलं, म्हातारा एक तर डोक्यातून गेला, नाहीतर इतकी वर्षं बायकोच्या धाकात काढल्याचा सूड उगवतोय.

सूड कसला, रॉस्कोला तो धाकच हवा होता. त्या दोघांची ओळखच मुळी त्या धाकातून झालेली. जानेवारीचे दिवस होते, तळलेल्या माशांची जेवणावळ होती, आणि तरुण रॉस्को कोपऱ्यात पाय बाकाखाली लपवून बसला होता, कारण त्याच्याकडे बुटांचा एकच जोड होता आणि तो पांढरा होता. कुणा गोऱ्या साहेबानं टाकलेला, टाचा झिजलेला. इडेला ताट घेऊन समोर आली, वाकून बाकाखाली बघितलं आणि म्हणाली, "मिस्टर, उन्हाळा संपल्याचं तुमच्या बुटांना कुणी सांगितलं नाही वाटतं?" सगळे हसले. तो असा लाजला की मासा घशात अडकला. जाताना ती दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "काळं पॉलिश दोनदा लावलं तर कळत नाही. आण उद्या, मी लावून देते." दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि मग जातच राहिला.

लग्न झाल्यावर एकदा त्यानं विचारलं होतं, एवढं काय आहे या पांढऱ्यात? इडेला तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होती. ती म्हणाली, "माझी आई जन्मभर दुसऱ्यांचं पांढरं धुवत होती, रॉस्को. लेबर डेला तिच्या मालकिणी सगळं पांढरं धुऊन, घडी घालून ठेवणीत ठेवायला लावायच्या, आणि आई घरी येऊन तोच एक झगा घालायची, ईस्टरलाही तोच, नाताळलाही तोच. अंगावरचं सोडून आणखी काही असलं तरच माणूस ठेवणीत ठेवणार ना? मला ठेवायला हवंय. ठेवायला असलेलं हवंय." त्यानंतर त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पहिली दोन वर्षं न्हाव्याच्या दुकानात जास्तीचं काम करून त्यानं तिला देवदाराची पेटी करून आणली.

ती पेटी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी असायची. लेबर डेच्या संध्याकाळी इडेला पांढरे कपडे निळ्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवी, आणि लोकरीचे कपडे काढून दोरीवर वाऱ्याला टाकी. ईस्टरच्या आदल्या दिवशी याच्या उलट. पेटी एकच, त्यामुळे एक ऋतू बाहेर काढल्याशिवाय दुसरा आत जाऊ शकत नसे. रॉस्कोचं काम म्हणजे झाकण धरून उभं राहायचं आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही. या ईस्टरला मात्र तिनं त्याला झाकणही धरू दिलं नाही. तिला उभं राहवत नव्हतं, तरी खुर्ची ओढून घेतली, दार लावून घेतलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकेक कपडा मांडीवर घेऊन घडी घातली. तो दाराबाहेरून विचारत राहिला, "इडेला, येऊ का?" आतून उत्तर येई, "मिस्टर टार्पली, तुम्ही मटार सोला." ती रागावली की तो मिस्टर टार्पली होई, अहोजाहो होई. एरवी नुसता रॉस्को.

आणि दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, बोलताना धाप लागत होती तरी, ती म्हणाली, "रॉस्को, आज तारीख काय?" त्यानं सांगितली. ती म्हणाली, "मग लेबर डेला मी नसेन. ऐक. पांढरे बूट घालून सप्टेंबरात फिरू नकोस हं. लोक म्हणतील, बघा, इडेला गेली आणि नवरा उघड्यावर पडला." तो म्हणाला, "नाही फिरणार." असं वचन दिलेलं.

लेबर डेच्या संध्याकाळी तो पेटीसमोर बसला. कड्या काढल्या. दोन्ही हात झाकणाच्या कडेला लावले. आणि त्याच्या मनात आलं की आतली प्रत्येक घडी तिची आहे. घरातलं तिनं केलेलं बाकी सगळं संपलं होतं. तिनं भरून ठेवलेल्या पीचच्या बरण्या शेजाऱ्यांनी अंत्यविधीच्या जेवणात वाढल्या होत्या. तिची उशी कुणीतरी उन्हात टाकून धोपटली होती. स्वयंपाकघर सिस्टर मोझेलनं इतक्या मायेनं आवरलं होतं की चमचासुद्धा जागेवर नव्हता. तिच्या हातचं, जसंच्या तसं, या झाकणाखाली राहिलं होतं. झाकण उघडलं की ते हवेला लागणार, आणि पहिला कोट उचलला की मोडणार. तिचा शब्द पाळायचा तर तिच्या हातचं मोडायला हवं, आणि तिच्या हातचं राखायचं तर तिचा शब्द मोडायला हवा. रॉस्कोनं कड्या पुन्हा लावल्या, पलंगावर बसून थोडा रडला आणि रविवारी पांढरा सूट घालून चर्चला गेला.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपड्यांच्या घड्या जपतोय म्हणून?

न्हाव्याच्या दुकानात अर्थात चंगळ झाली. रॉस्को सत्तरी ओलांडलेला, हाताला किंचित कंप, तरी सकाळची दोनचार गिऱ्हाइकं करायचा. दुसऱ्या खुर्चीवर होझिआ पिट्स होता. होझिआ केस कमी आणि गप्पा जास्त कापायचा.

"काय रे रॉस्को," तो गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा न उचलता म्हणाला, "लग्नबिग्न ठरलं की काय? नवरदेव दिसतोयस."

"न्हाव्याचा कोट पांढराच असतो. बारा महिने."

"कोट कामाचा, तो मोजायचाच नाही. मी बुटांचं विचारतोय."

"चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या बायका महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला पांढरंच घालतात ना? डिसेंबरातसुद्धा?"

"ते प्रभूचं काम झालं. तुझे बूट काय प्रभुभोजन वाढतात काय?"

गिऱ्हाईक हसलं, त्याबरोबर होझिआनं वस्तरा उचलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मोझेलचं नाव घेतायत लोक. म्हणतात, विधुर माणूस नटूनथटून चर्चला येतो तो काय भजनासाठी?"

रॉस्कोच्या हातातला कंगवा खाली पडला. "मोझेल! अरे, तिनं मला पंखासुद्धा दिला नाही."

"तेच तर म्हणतायत. आधी देत होती."

रॉस्को त्या दिवशी पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याला वाटलं, ही गंमत घरी जाऊन इडेलाला सांगावी. ती हातातला झारा आपटून म्हणेल, मोझेलला म्हणावं, नवरा घेऊन जा पण पेटी इथेच राहील. मग त्याला आठवलं. त्यानं कंगवा उचलला, धुतला, पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

ऑक्टोबर सरत आला तसा उकाड्याचा मुक्काम संपला. पेकनची झाडं झडायला लागली, सकाळी गवतावर पांढरं दिसायला लागलं, आणि त्यावरून लिननच्या पातळ पँटमध्ये रॉस्को काकडत दुकानात जायला लागला. आत दोन गंजिफ्रॉक घालायचा, सुटाखाली न्हाव्याचा कोट घालायचा. खोकला धरला. लिननचा सूट तरी किती टिकणार? दर शनिवारी स्वतः धुवायचा, स्वतः इस्त्री करायचा, आणि पाठीवर इस्त्रीचा पिवळा डाग पडला होता तो त्याला दिसत नव्हता. गावाला दिसत होता. आता कुणी थट्टा करत नव्हतं. थट्टा थांबली की समजावं, लोक खरंच घाबरलेत.

शेवटी सिस्टर मोझेल रताळ्याचा गोड पाई आणि कोंबडीचं सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ब्रदर टार्पली, मी स्पष्टच बोलते. लोकांनी माझ्याबद्दल काय काय म्हटलंय ते मला माहीत आहे आणि मला त्याचं हसू येतं. पण इडेला माझी मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याला मी न्यूमोनियानं मरू देणार नाही, आणि पांढऱ्या बुटांत तर नाहीच नाही. पुरुषांना सापडत नाही काही, मला ठाऊक आहे. ती पेटी कुठाय? मी काढून देते लोकरीचं."

आणि त्या खरंच आतल्या खोलीकडे निघाल्या. रॉस्को इतक्या झपकन उठला की सूप सांडलं. तो दारात आडवा उभा राहिला.

"हात लावायचा नाही."

"अहो पण..."

"मोझेल! हात लावायचा नाही म्हटलं ना!"

एवढ्या वर्षांत त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. मोझेलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पाठीमागच्या पेटीकडे पाहिलं, आणि मग खाली बसून सांडलेलं सूप पुसलं. जाताना म्हणाल्या, "पाई गार खाल्ला तरी चालतो." घरी जाऊन त्यांनी डेट्रॉईटला क्लॉडेटला फोन लावला.

क्लॉडेट म्हणजे रॉस्को आणि इडेलाची एकुलती एक मुलगी. डेट्रॉईटमध्ये शाळेत गणित शिकवायची. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणारच होती, ती आठवडाभर आधी आली. बसमधून उतरली तर अंगात पायापर्यंत पांढराशुभ्र लोकरीचा कोट.

रॉस्को बघतच राहिला. "हे काय?"

"डॅडी, याला विंटर व्हाइट म्हणतात. हिवाळ्यातलं पांढरं. सगळीकडे घालतात."

"हिवाळ्यातलं पांढरं म्हणजे बर्फ. तुझ्या आईनं तुला बसमधून उतरू दिलं नसतं."

"आणि तुम्हाला घरातून निघू दिलं असतं वाटतं? बघा स्वतःकडे!"

दोघंही नोव्हेंबरात, बसस्टँडवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. क्लॉडेटला हसू फुटलं, मग रॉस्कोला. हसता हसता ती त्याच्या गळ्यात पडली आणि तिच्या लक्षात आलं की डॅडी हाडकुळे झालेत आणि थरथरतायत.

घरी आल्यावर तिनं वाद घातला नाही. तिला वाटलं होतं, डॅडी त्या नियमातून सुटू बघतायत, आणि ती त्यांच्या बाजूची होती. लहानपणी आईनं तिचे पांढरे बूट लेबर डेला हातातून काढून घेतले की ती ओक्साबोक्शी रडायची. "कोण बघतं हो डेट्रॉईटमध्ये बुटांकडे?" ती म्हणाली. "तुम्हाला हवं ते घाला. फक्त ऊब हवी." आणि बॅगेतून तिनं नवाकोरा राखाडी ओव्हरकोट काढला, जाड, आत अस्तर लावलेला. "हा वरून घाला. आतून पांढरे राहा नाहीतर जांभळे."

रॉस्कोनं कोट अंगावर चढवला. किती दिवसांनी पाठीला ऊब लागली! त्याला वाटलं, सुटलो. हा कोट आहे तर पेटी उघडायची गरजच नाही. या हिवाळ्यात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. तो इतका खूश झाला की संध्याकाळी त्यानं स्वतः बिस्किटं भाजली आणि जाळली, आणि दोघांनी ती मोलॅसिसच्या काकवीत बुडवून चवीनं खाल्ली.

जेवण झाल्यावर क्लॉडेट टेबल पुसत होती. पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "डॅडी, मला आईचा तो निळा कोट हवाय. मोठ्या बटणांचा."

रॉस्कोनं खुर्ची मागे सरकवली.

"ऑगस्टमध्ये मागणार होते. पण घर लोकांनी भरलेलं होतं, मला सुचलंच नाही. घालायला नकोय मला. शाळेतून घरी आले की दार लावायचं आणि त्यात तोंड खुपसून एकदा पोटभर रडायचं. मी अजून नीट रडलेच नाहीये. तिकडे कुणी तिला ओळखत नाही, रडणार कुणासमोर?" तिचा हात थांबला. "पेटीतच आहे ना तो?"

"पेटीतच आहे."

"मग?"

मग त्यानं तिला सांगितलं. पहिल्यांदाच, अडखळत, हातानं घडी घालून दाखवत सांगितलं: तिच्या हातचं शेवटचं आहे गं ते, मोडलं की गेलं. क्लॉडेट ऐकत राहिली. तिनं बापाला वेड्यात काढलं नाही की समजूत घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं. राहू दे मग." आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं. तिच्या त्या "राहू दे"नं रॉस्कोचं काळीज हललं. लेबर डेला बूट हातातून गेल्यावर ती आधी रडायची आणि मग अगदी असंच म्हणायची. आपण एकटेच तिच्यासाठी झुरतोय अशा थाटात तो अडीच महिने पेटीवर बसून राहिला होता, आणि तिकडे थंडीत पोर आईच्या कोटासाठी झुरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला आल्यावर, त्यानं तिला हाक मारली. "क्लॉडेट, झाकण धर. आणि मध्ये मध्ये बोलू नकोस."

त्यानं कड्या काढल्या. झाकण वर गेलं तसा तो वाकला आणि डोळे मिटून त्यानं खोल श्वास घेतला. देवदाराचा वास आला. आणखी एकदा घेतला. नुसताच देवदाराचा, तिचा नाही. ज्यासाठी तो एवढा जीव टाकत होता ते आत नव्हतंच, किंवा असलं तरी लाकडानं केव्हाच पिऊन टाकलं होतं. त्यानं डोळे उघडले.

सगळ्यात वर त्याचा तपकिरी सूट होता. कोपर दुमडतं तिथे कडक चुणी पडू नये म्हणून आत मोज्यांची गुंडाळी घातलेली. त्याच्याखाली त्याचा दुसरा सूट. त्याचे दोन स्वेटर. त्याची लोकरीची अंतर्वस्त्रं, मफलर, काळे बूट, बुटांत कागद कोंबलेले. तो एकेक उचलून पलंगावर ठेवत गेला आणि उचलता उचलता त्याचे हात मंदावले.

"काय झालं डॅडी?"

"तिचं कुठाय?"

"असेल खाली."

"खाली नसतं तिचं. तिचं वर असतं. दर वर्षी तिचं वर. माझा नंबर शेवटी. लेबर डेला आधी तिचे कोट दोरीवर जायचे, मग मी म्हणायचो, बाई, माझं निघणार का नाताळच्या आत?"

क्लॉडेटनं एका हातानं झाकण धरून दुसरा हात आत घातला. अगदी तळाशी, बुटांच्याही खाली, निळा कोट होता. बटणं आतल्या बाजूला, कॉलर दुमडलेली. त्याच्यावर काहीतरी ठेवायचंय हे धरूनच घातलेली घडी. तिचं सगळंच तळाशी होतं.

म्हणजे ईस्टरलाच तिला ठाऊक होतं. दार लावून, खुर्चीवर बसून, धापा टाकत तिनं पेटी त्याच्या हाताला सोपी करून ठेवली होती, आणि तो बाहेर मटार सोलत होता. आपलं काही तिनं वर ठेवलं नव्हतं, कारण आपलं काढायला आपण नसणार. आणि त्यानं मात्र तिनं उघडण्यासाठी भरलेली पेटी जिवापाड बंद ठेवली. थंडीत कुडकुडत, तिनं काढून ठेवलेल्या गरम कपड्यांपासून दोन पावलांवर.

"मिस्टर टार्पली," तो स्वतःशीच म्हणाला, "तुम्ही गाढव आहात." आणि पलंगावर, कपड्यांच्या ढिगात बसून तो मोठ्यानं रडला. क्लॉडेट निळा कोट छातीशी धरून त्याच्याशेजारी बसली. तिला हवं होतं तसं, पोटभर रडणं, तिला तिथेच मिळालं. डेट्रॉईटपर्यंत न्यावं लागलं नाही.

दुपारी त्यानं आपलं पांढरं पेटीत ठेवलं. घडी काही जमली नाही. पँटचे पाय वाकडे बसत होते, बूट कागदातून डोकं बाहेर काढत होते. क्लॉडेट म्हणाली, "मी घालू का नीट?" तो म्हणाला, "नको. ईस्टरला मलाच काढायचंय."

रविवारी तो तपकिरी सुटात चर्चला निघाला. नवा ओव्हरकोट त्यानं घेतला नाही. क्लॉडेटनं इस्त्री तापत ठेवली होती, कारण सुटावर घड्यांच्या रेघा होत्या: एक छातीवरून आडवी, दोन्ही बाह्यांवर एकेक, पाठीवर दोन. इडेलानं असल्या रेघा घेऊन त्याला अंगणातसुद्धा जाऊ दिलं नसतं. पण त्यानं इस्त्रीची वायर काढून ठेवली.

चर्चच्या दारात सिस्टर मोझेल उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं: बूट काळे. त्यांचा चेहरा उजळला. मग वर पाहिलं, आणि राहवलं नाही. "ब्रदर टार्पली, सूट चांगला आहे, पण इस्त्री... आमच्याकडे मागच्या खोलीत आहे, दोन मिनिटांत..."

"मोडू नकोस, मोझेल," तो हळूच म्हणाला. "तिच्या घड्या आहेत."

पंखे नोव्हेंबरात वाटत नाहीत. मोझेलबाईंनी त्याला भजनाचं पुस्तक दिलं.

आत शेगडी पेटवलेली होती, बाकं भरलेली होती. रॉस्को क्लॉडेटशेजारी बसला, गाण्याला उभा राहिला, प्रार्थनेला वाकला, पुन्हा बसला. मधेच होझिआनं मागून खांद्यावर हात टाकून "आलास बाबा माणसांत" म्हटलं, त्यालाही तो हसला. प्रवचन लांबलं. खोली ऊबदार होती आणि बऱ्याच आठवड्यांनी त्याचं अंगही ऊबदार होतं.

शेवटचा आशीर्वाद होऊन सगळे उठले तेव्हा त्यानं सहज डाव्या बाहीकडे पाहिलं. रेघ नव्हती. त्यानं बाही उजेडात धरली, अंगठ्यानं कोपराजवळ चाचपली. लोकर अंगाच्या उबेनं सैल होऊन सपाट झाली होती. उजव्या बाहीवर अजून थोडी दिसत होती, निरखून पाहिलं तर. लोक एकमेकांना भेटत होते, बाहेर पडत होते, क्लॉडेट त्याला "चला ना डॅडी" म्हणत होती. त्यानं उजवा हात तसाच, जराही न वाकवता, अंगापासून दूर धरला आणि तो हळूहळू पायऱ्या उतरला.